दातांनी ऐकणारे कानमामा

आमच्या भागात गाडी बिघडली की लोक ती मेकॅनिकला दाखवत नाहीत, ऐकवतात. "कानमामांना ऐकवलीस का?" असा प्रश्न आधी येतो, आणि तो विचारणाऱ्याला गाडीतलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं.

कानमामा खरं म्हणजे कुणाचेच मामा नाहीत. त्यांना बहीणच नाही. तिघे भाऊ आहेत, म्हणजे ते झालेच तर काका होतील. पण गॅरेजवाल्याला काका म्हणायला लोकांची जीभ वळत नाही. तेव्हा निम्मा भाग त्यांना मामा म्हणतो आणि उरलेल्या निम्म्याकडे गाडी नाही.

त्यांचं गॅरेज गल्लीच्या टोकाला आहे. लोखंडी शटर तीन चतुर्थांश वर जातं आणि तिथे अडतं, त्यामुळे उंच गिऱ्हाईक आत येताना आपोआप नम्र होतं. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा पांढऱ्या रंगाने काढलेली, म्हणजे पाना जागेवर नसला तरी त्याचं भूत जागेवर असतं. कोपऱ्यात कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची मागची सीट गिऱ्हाइकांसाठी मांडलेली आहे. तिची एक स्प्रिंग उजवीकडे वर आली आहे. जुनं गिऱ्हाईक डावीकडे बसतं. नवं कोण, हे बसल्यावर कळतं.

मी डावीकडे बसणाऱ्यांपैकी आहे. माझी गाडी साधी आहे, पण तिच्या तक्रारी असाधारण आहेत. पहिल्यांदा मामांकडे गेलो तो शेजाऱ्यांनी त्यांच्याकडून आणलेली शिडी परत करायला. गाडी कोपऱ्यावर वळवून थांबवली, शिडी उतरवली, आणि मामा कुठल्याशा बॉनेटमधून डोकं वर न काढता म्हणाले, "पुढचं डावं चाक. बेअरिंग गेलंय."

मी म्हणालो, मी सहज आलोय.

"तुम्ही सहज आलाय हो. बेअरिंग सहज गेलं नाही."

हा त्यांचा कान. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, इंजिन त्यांना काहीतरी खासगी सांगतंय. मग डोळे उघडून ते निदान सांगायचे, आणि ते सांगताना इंजिनाच्या वतीने थोडे ओशाळायचे.

गिऱ्हाइकाने भागांची नावं घेतलेली त्यांना खपत नसे. 'सस्पेन्शन' म्हटलं की ते हात वर करत. "नाव सांगू नका, आवाज सांगा." त्यामुळे एक टाय लावलेले बँक मॅनेजर त्या गॅरेजमध्ये भर सकाळी "खुळ्ळ... खुळ्ळ... टक्" असं करताना मी पाहिले आहेत. त्यांनी ते दोनदा केलं, कारण पहिल्यांदा मामा म्हणाले, "टक् आधी की खुळ्ळ आधी, नीट आठवा."

आवाज नसला आणि नुसता धक्का असला, तर त्यासाठी मामांचे शब्द ठरलेले होते. गाडी चढावर दमली तर ती 'धाप'. सकाळी सुरू होताना फडफडली तर 'शिंक'. मधेच एकदा पाय चुकल्यासारखी झाली तर 'ठेच'. आणि जोरात पळताना पुन्हा पुन्हा अडकायला लागली तर 'उचकी'. प्रत्येकीचा इलाज वेगळा. धापेला पेट्रोल बघायचं, ठेचेला वायर. उचकीला काय बघायचं असं विचारलं, तर ते म्हणायचे, "उचकीला आधी आठवायचं, शेवटचं काय केलं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ज्याला ते विचारलं गेलं, त्याने नीट आठवलं असतं तर बराच त्रास वाचला असता.

*

मामांचा कान कधी जायला लागला हे नक्की कुणालाच सांगता येणार नाही, मामांना तर नाहीच. घरात ते आधी कळलं.

मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, दूध उतू गेलं." मामा पेपरमधून म्हणाले, "जाऊ दे, येईल संध्याकाळपर्यंत." दुसऱ्या दिवशी दारावरची घंटा तीनदा वाजली, आणि मामांनी तक्रार केली की हल्ली आपल्याकडे कुणी येतच नाही. फोनची रिंग बदलली, तेव्हा तो फोन घरात आहे याची त्यांना आठवडाभर दाद नव्हती.

पण खरी कमाल डासांची. एका उन्हाळ्यात मामा भेटेल त्याला सांगू लागले की डास संपले. झोपताना कानाशी गुणगुण नाही, काही नाही. पुढे जाऊन त्यांनी नगरपालिकेच्या माणसाला रस्त्यात थांबवून शाबासकी दिली. तो माणूस बिचारा खाजवत खाजवत ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी कौतुक करतंय म्हटल्यावर त्यालाही सत्य सांगवेना.

यावर मामांचं स्वतःचं मत असं होतं की लोक हल्ली पुटपुटतात.

गॅरेजमध्ये मात्र कुणाला संशय आला नाही. मामा अजूनही निदान सांगत आणि ते बरोबर निघे. एवढंच झालं होतं, की स्क्रूड्रायव्हरची मूठ ते आता कानाला लावत नसत. दातांत धरत. समोरच्या दातांत घट्ट आवळून, डोळे मिटून, थोडं पुढे वाकून उभे राहत. आम्हाला वाटलं, मोठ्या कलावंताला उतारवयात काही लकबी जडतात, त्यातली ही एक. एक-दोन होतकरू मेकॅनिकांनी ती उचललीसुद्धा.

आता लेकीविषयी सांगायला हवं. मामांची लेक इंजिनांचं शिक्षण घेऊन आली आणि तिने गॅरेजच्या मागच्या अर्ध्या भागात जमिनीत दोन रोलर बसवले. गाडीची चाकं त्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची, समोर मोठा पंखा लावायचा. मग गाडी जागच्या जागी ताशी दीडशेने पळते आणि लॅपटॉपवर तिच्या मनातलं सगळं उमटतं. त्या भागात काम करताना लेक कानांवर लाल रंगाची मोठी झाकणं घाले. मामांनाही तिने एक जोड आणून दिला होता. मामांनी तो मान राखून खुंटीला टांगला. "झाकण घालून ऐकायचं कसं?" असं तीस वर्षं म्हणत ते उघड्या कानांनी इंजिनांच्या तोंडाशी उभे राहिले होते.

बापलेकीत भांडण नव्हतं, सरहद्द होती. इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आतले आजार मामांचे, वरचे लेकीचे. साध्या गाड्या पुढे थांबत, आणि हौशी लोकांच्या, जादा जोरासाठी टर्बो बसवलेल्या, जमिनीला पोट टेकवणाऱ्या गाड्या मागे जात. मामा मागच्या गाड्यांना 'लाडावलेल्या' म्हणत.

"बाबा, एकदा कान तपासून येऊ," लेक अधूनमधून म्हणे.

"काय झालंय माझ्या कानाला?"

"काही झालं नाही, एवढंच ऐकून येऊ."

यावर मामा पुढच्या भागात निघून जात. हे वाक्य मात्र त्यांना दरवेळी स्वच्छ ऐकू येई.

*

मग दातांच्या डॉक्टरांची गाडी आली.

डॉक्टर सज्जन गृहस्थ. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून त्यांच्या पाठीला एक कायमची अदब आली होती. पण त्यांना गाडीचं वेड होतं, आणि वेडही बारीक कामाचं. मोठ्या वर्कशॉपमधून त्यांनी मोठा टर्बो बसवून घेतला होता, धुरांड्याचा पाइप बदलला होता. येत्या रविवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर त्यांना गाडी पळवायची होती. मामांची ओळख जुनी. सहा महिन्यांपूर्वीच मामा त्यांच्या खुर्चीत बसून आले होते. पुढचा दात झिजलाय म्हणून डॉक्टरांनी विचारलं होतं, पाइप ओढता का? मामांनी कधी विडीसुद्धा ओढली नव्हती. डॉक्टरांनी 'कारण अज्ञात' असं लिहून ठेवलं आणि पुढचं दाढेचं काम सुरू केलं.

तर डॉक्टर म्हणाले, सहा हजारांपर्यंत गाडी लोण्यासारखी जाते. सहा हजार दोनशेला मात्र...

"नाव नको," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी एक क्षण विचार केला आणि तोंड मिटून, खांदे उडवून तीन झटके दिले. "हुक्. हुक्. हुक्."

"उचकी," मामा समाधानाने म्हणाले. लेकीने मान डोलावली. या शब्दावर दोन्ही भागांचं एकमत होतं.

"याच्यात शेवटचं काय बदललंत?" लेकीने विचारलं.

"टर्बो. दोन वर्षं झाली."

"नंतर काहीच नाही?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. रोज दोनदा दात घासता का या प्रश्नाला त्यांचे पेशंट ज्या सुरात 'हो' म्हणतात, तोच सूर होता. पण तो सूर ओळखणारा कान गॅरेजमध्ये त्या दिवशी एकच होता, डॉक्टरांचा. आणि माणूस स्वतःचा सूर ऐकत नाही.

सरहद्दीप्रमाणे गाडी मागे गेली. पण सोडवेना म्हणून मामाही मागे गेले, आणि बघता बघता म्हणाले, हे मी एका सकाळीत सांगितलं असतं.

लेकीने लाल झाकणं गळ्यात उतरवली. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "लावता पैज? मला आधी सापडलं तर तुम्ही सोमवारी माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे यायचं. तुम्हाला आधी सापडलं तर घरात 'कान' हा शब्द मी उच्चारणार नाही. आईसुद्धा नाही."

मामींचं नाव निघाल्यावर मामा थोडे चमकले. मामींनी तोंड बंद ठेवणं ही फार मोठी बक्षिसी होती. पण हरण्याचं भय त्याहून मोठं होतं. कानमामांच्या नावातून कान काढला तर उरतो नुसता मामा, आणि तोही बहिणीशिवायचा. ते म्हणाले, "लागली."

*

पुढचे तीन दिवस मी रोज सीटच्या डाव्या बाजूला होतो. माझ्या गाडीला काही झालं नव्हतं, मलाच राहवत नव्हतं.

लेकीने पहिल्याच फेरीत अर्धं उत्तर काढलं. तिने ते मला फार सोप्या भाषेत सांगितलं, म्हणजे मामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. अशा इंजिनाला स्वतःचा एक कान असतो. अंगावर बोल्टने बसवलेला, सुपारीएवढा. त्याला नॉक सेन्सर म्हणतात. आत पेट्रोल अवेळी भडकून ठोके पडायला लागले की तो ते ऐकतो आणि गाडीच्या मेंदूला सांगतो. मेंदू घाबरून ठिणगीची वेळ मागे घेतो, जोर कमी करतो. नाहीतर इंजिन वितळायचं. सहा हजार दोनशेला हा कान ठोके ऐकत होता, मेंदू दचकत होता, गाडी उचकी देत होती.

"मग ठोके का पडतात ते शोध," मामा म्हणाले.

तिने शोधलं. प्लग बदलले. पेट्रोल उपसून चांगलं भरलं. ठिणगीची वेळ आपणहून मागे घेऊन बघितली. हवा थंड करून बघितली. दरवेळी रोलरवर गाडी किंचाळत सहा हजारांपर्यंत जाई, दोनशे पुढे सरके आणि हुक्, हुक्, हुक्.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली. खरे ठोके असते तर इतक्या उपायांनी थोडे तरी कमी झाले असते. हे आकड्याला चिकटून बसलेत, एकाने इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे गाडीला बहुतेक नसलेलंच काहीतरी ऐकू येतंय. पण काय? आणि खरंच पडत असतील तर? कान बंद करून गाडी रविवारी सोडली आणि इंजिन फुटलं तर?

यात एक गंमत होती, जी मला तेव्हा दिसली नाही. एका गॅरेजमध्ये एका माणसाला असलेलं ऐकू येत नव्हतं आणि एका गाडीला नसलेलं ऐकू येत होतं, आणि दोघांवर एकच पोरगी इलाज करत होती.

"माझी पाळी," मामा म्हणाले.

*

गाडी पुन्हा बांधली. पंखा सुरू झाला. लेक स्टिअरिंगवर बसली, लॅपटॉप शेजारी, झाकणं कानांवर. डॉक्टर दवाखान्यातून तसेच आले होते. गळ्यात मास्क लोंबत होता. त्यांनीही मामांचा खुंटीवरचा कोरा जोड कानांवर चढवला. मी कानांत बोटं घातली. मामा उघड्या कानांनी बॉनेटमध्ये वाकले, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

इंजिन वर चढत गेलं. चार हजार. पाच. मामा टोक हळूहळू सरकवत होते, इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब, एखाद्या म्हाताऱ्या वैद्याने नाडी शोधावी तसे. साडेपाच. सहा. हुक्. मामांची भुवई हलली. त्यांनी बोटाने पुन्हा अशी खूण केली. गाडी पुन्हा चढली, पुन्हा अडखळली. तिसऱ्या वेळी टोक एका जागी थांबलं. मामांनी मूठ दातांतून काढली, डावा तळवा जवळच्या एका चकचकीत डब्याच्या डोक्यावर अलगद ठेवला, आणि लेकीकडे बघून मान हलवली: चढव.

सहा हजार. सहा हजार दोनशे. पाचशे. सात.

उचकी नव्हती.

लेकीने गाडी बंद केली. पंख्याचा आवाज तेवढा उरला आणि मग तोही विरला. मामा अंगठ्याने डबा दाखवत म्हणाले, "हिला भास होतोय. हा इथे थरथरतो. खालची कड इंजिनाला टेकते, आणि हिचा तो कान याच्या शेजारच्याच बोल्टवर. हिला वाटतं, आतून कुणी ठोकतंय."

डबा सुंदर होता. इंजिनातली तेलाची वाफ धरून ठेवणारा, आरशासारखा पॉलिश केलेला. लेकीने डॉक्टरांकडे पाहिलं. हा मोठ्या वर्कशॉपने बसवला ना?

डॉक्टरांनी मास्क आणखी खाली ओढला. तो त्यांनीच बसवला होता, गेल्या महिन्यात, एका सुट्टीच्या दुपारी. ब्रॅकेट स्वतः कापून, घासून. दोन वॉशर रबराचे होते, ते लावले तर डबा अर्धा मिलिमीटर तिरका दिसत होता म्हणून त्यांनी ते काढून टाकले. "हा बदल म्हणायचा का?" ते म्हणाले. "मला वाटलं, हा तर नुसता डबा."

मामांचा चेहरा उजळला होता. तीस वर्षांचा कानमामा परत आला होता, पैजेसकट. ते लेकीला म्हणाले, "बघ. इतकी बारीक थरथर. तुझ्या मशीनला सापडली का? जरासुद्धा आवाज नाही त्याला."

लेक गाडीतून उतरली. झाकणं काढून तिने टपावर ठेवली. "बाबा," ती म्हणाली, "तो वाजतोय. तीन दिवस वाजतोय. किणकिण, किणकिण. रस्त्यावरून येताना वाजत होता."

मामांनी डब्याला पुन्हा हात लावून पाहिला.

तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ती संशयितांची यादी करते, ही तिची सवय आहे. यादीत प्लग, पेट्रोल, हवा सगळे होते. पण सगळ्यात वर, पहिल्या दिवशीच्या अक्षरात एक ओळ होती आणि तिच्यावर एक सरळ रेघ मारलेली होती. तिने कागद मामांपुढे धरला. मीही मान लांब करून वाचलं. 'उजवीकडे किणकिण. बाबा शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. म्हणजे काही नसणार.'

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते," लेक म्हणाली. "ती किणकिण झाली आणि तुमची पापणीसुद्धा हलली नाही. मला वाटलं, बाबांनी ऐकून सोडून दिलं, म्हणजे ते गाडीचंच असेल. मी लॅपटॉपवर विश्वास ठेवत नव्हते हो. मी तुमच्यावर ठेवत होते."

अशा वेळी सज्जन माणसाला वाटतं की आपण काहीतरी हलकं, मायेचं बोलावं. डॉक्टरांनी मघापासून तो स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता आणि ते त्याची मूठ उजेडात फिरवून बघत होते. लाकडावर वर दोन, खाली दोन, अशा खोल खाचा पडल्या होत्या. सहा महिन्यांचं कोडं सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. पण बाब नाजूक होती. ते मामांच्या अगदी जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मामा, तुम्ही दातांनी ऐकता ना?"

"काय?" मामा म्हणाले.

"तुम्ही दातांनी ऐकता ना?"

"नीट बोला हो. सगळे पुटपुटतात."

मग डॉक्टरांना ते मोठ्याने म्हणावं लागलं. इतकं मोठ्याने, की पुढच्या भागातलं गिऱ्हाईक सीटवरून उठलं. किंवा ते नवं असेल आणि स्प्रिंगवर बसलं असेल.

मामा आधी चिडल्यासारखे झाले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे ओठ आवळलेले होते आणि खांदे हलत होते. ती रडतेय की काय, म्हणून मामा पुढे झाले. ती हसत होती. मग मामांच्याही पोटातून ते वर आलं, आणि बापलेक त्या लाडावलेल्या गाडीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. डॉक्टर मधे उभे राहून सांगत होते की यात हसण्यासारखं काही नाही, हाडातून आवाज जातो, पण दाताचं एनॅमल परत येत नाही.

*

डबा काढला, गाडी चढवली. सात हजार, स्वच्छ. मग लेकीने डबा इंजिनावरून हलवून गाडीच्या अंगाला बसवला, रबरी वॉशर लावून. तो अर्धा मिलिमीटर तिरका दिसत होता. डॉक्टरांनी डोळे मिटून ते सहन केलं. रविवारी ते ट्रॅकवर पळाले आणि शेवटून चौथे आले, पण उचकीशिवाय आले. कुठल्याही पेशंटला त्यांनी पुढचा आठवडाभर दुसरं काही सांगितलं नाही, आणि तोंडात नळ्या असल्यामुळे कुणाला विषय बदलता आला नाही.

पैज मामा जिंकले होते. ते कुणी नाकारलं नाही. ठरल्याप्रमाणे घरात 'कान' हा शब्द बंद झाला. मामींनी तो इतका काटेकोर पाळला की चहाच्या कपाला धरायला 'बाजूचं ते' आहे म्हणू लागल्या.

सोमवारी सकाळी मामा आपण होऊन धुतलेला शर्ट घालून दारात उभे राहिले. लेकीने विचारलं, कुठे?

"तुझ्या त्या यादीत," मामा म्हणाले, "माझ्यामुळे रेघ पडली. माझ्या न बोलण्यालाही लोक निदान समजतात म्हटल्यावर, ऐकू येत नाही म्हणून गप्प आणि ऐकून गप्प, यात फरक असायला नको का? चल. आणि हे आईला सांगू नकोस."

मामी त्यांच्या मागेच चप्पल घालून उभ्या होत्या.

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेची खोली होती. तीत मामांना बसवून त्यांच्या कानांवर झाकणं घातली. तीस वर्षांत ती पहिलीच. आवाज आला की बोट वर करा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मामांनी विचारलं, कसला आवाज? खुळ्ळ की टक्? बाई म्हणाल्या, शिट्टीसारखा. मामा म्हणाले, मग आधी सांगायचं.

बोट वर होत गेलं. मग ते मांडीवरच राहिलं. बाई काचेपलीकडे बटणं दाबत होत्या, लेक त्यांच्या मागे उभी होती. मामा फार शांत बसले होते. लेकीने नंतर मला सांगितलं, तेव्हा तिला तिथून पळून जावंसं वाटलं. ज्या चेहऱ्याकडे बघून ती आयुष्यभर आवाज ओळखायला शिकली, त्या चेहऱ्यावर आता शिट्ट्यांमागून शिट्ट्या जात होत्या आणि तो हलत नव्हता.

मग कागद बाहेर आला. त्यावर एक रेघ होती. बरीच सरळ जात होती आणि एका आकड्याला धपकन खाली पडत होती. मामांनी चष्मा लावला.

"हा आकडा किती?"

"चार हजार," बाई म्हणाल्या. त्यांनी आणखीही बरंच सांगितलं, हर्ट्झ वगैरे, मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचं असंच होतं वगैरे. मामांनी चार हजाराच्या पुढचं ऐकलं नाही.

त्यांनी कागद लेकीपुढे धरला. "म्हणजे डॉक्टरांच्या गाडीपेक्षा मी दोन हजार दोनशेने मागे," ते म्हणाले. "तुझ्या हद्दीत आलो की नाही? तीन हजारांच्या वरचं तुझं."

कानात घालायची दोन छोटी यंत्रं आली. पहिल्या दिवशी मामा गॅरेजमध्ये आले आणि शटर, पंखा, पाने, सगळं पहिल्यांदाच वाजत असल्यासारखे प्रत्येकाकडे दचकून बघत राहिले. माझी गाडी आत घेताना त्यांनी हात वर केला. मी घाबरलो. ते म्हणाले, तुमच्या खिशात किल्ल्या फार आहेत.

रोलरजवळ जाताना मात्र यंत्रं डबीत जातात आणि खुंटीवरचा जोड कानांवर चढतो. स्क्रूड्रायव्हर तिथेच आहे. दातांच्या डॉक्टरांनी मुठीवर स्वतः मऊ रबर चढवून दिलंय, अगदी सरळ.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी सहज त्यांच्या घरी डोकावलो. मामा व्हरांड्यात खुर्चीवर ताठ बसले होते, मान एका बाजूला, डोळे मिटलेले, जुन्या दिवसांत मूठ कानाला लावून ऐकायचे तसे. मी काही विचारणार एवढ्यात त्यांनी बोट वर केलं.

एक डास त्यांच्या कानाभोवती फिरत होता. त्यांनी त्याला मारलं नाही. तो दोन चकरा मारून गालावर बसला, तरी नाही.

"बारीक आहे," ते डोळे न उघडता म्हणाले, "पण स्वच्छ आहे." आणि आतल्या बाजूला वळून त्यांनी मामींना हाक मारली, नगरपालिकेच्या त्या माणसाला उद्या एक निरोप द्यायचाय म्हणून.